पाटीवरचा मालक : बुलडाणा जिल्ह्यातील लहान व्यवसायांच्या जाहिरातीची एक चिकित्सा

प्रस्तावना :

दुकानाची पाटी ही समीक्षेने क्वचितच हाती घेतलेली संहिता आहे. वास्तविक तिला कर्ता असतो, वाचक असतो आणि कोणता शब्द वर, कोणता खाली याचा पक्का क्रमही असतो. गेल्या दोन-अडीच दशकांत हा क्रम बदलला असून लहान व्यवसायाचा मालक स्वतःच आपल्या मालाचा जाहीर चेहरा होऊ लागला आहे. या बदलाकडे आत्मप्रौढी म्हणून पाहणे सोपे आहे. उद्योजकतेचा आविष्कार म्हणून त्याचे कौतुक करणे त्याहून सोपे आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिका बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला आहे : मालकाचा चेहरा ग्राहकाला नेमकी कशाची हमी देतो आणि ती हमी कोठे संपते? त्यासाठी बुलडाणा जिल्ह्यातील बाजारपेठ हे मुख्य क्षेत्र धरले असून आवश्यक तेथे बाहेरील उदाहरणे घेतली आहेत.

पाटीची बदललेली रचना :

जुन्या वळणाच्या पाटीवर माथ्याशी देवाचे नाव असे. शेगावच्या श्रीगजानन महाराजांचे नाव तर या जिल्ह्यात किराणा दुकानापासून गॅरेजपर्यंत सर्वत्र आढळते. त्याखाली दुकानाचे नाव, मग मालाची यादी आणि अखेरीस कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रोप्रा.' या संक्षेपासह मालकाचे नाव येई. या रचनेत साक्षी देव होता आणि मालक केवळ उत्तरदायी होता. तक्रार कोणाकडे करायची एवढेच ते नाव सांगत असे.

नव्या फलकावर हा क्रम उलटला आहे. मालकाचे छायाचित्र सर्वांत मोठे आणि देवाचे चित्र कोपऱ्यात असते. यामागे तंत्राचा वाटा मोठा आहे. पाटी रंगवणाऱ्या पेंटरला अक्षरे सोपी आणि हुबेहूब चेहरा अवघड होता. फ्लेक्स छपाईने चेहरा अक्षराइतकाच स्वस्त केला. दुसरा वाटा राजकीय फलकांचा आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांनी भाऊ, दादा, शेठ ही संबोधने आणि हात जोडून उभे राहण्याची ठेवण रूढ केली. व्यापाऱ्याने ती जशीच्या तशी उचलली. तथापि तंत्र आणि अनुकरण या कारणांनी चेहरा कसा आला हे कळते, तो का टिकला हे कळत नाही. त्याचे उत्तर शेगावच्या कचोरीत सापडते.

गाव, आडनाव आणि चेहरा :

फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव रेल्वे स्थानकावर कचोरी विकण्यास प्रारंभ केला. शेगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक. गाडी तेथे दोन-चार मिनिटे थांबते. पारख करायला, घासाघीस करायला वेळ नाही आणि कचोरी बिघडलेली निघाली तर परत येऊन भांडायला गिऱ्हाईक पुढच्या स्थानकावर पोचलेले असते. अशा ठिकाणी फसवणूक सहज शक्य होती. परंतु दर्शनाला येणारा भाविक पुन्हा येतो आणि गावी जाऊन सांगतोही. या पुन्हा येण्यावर कचोरीचा लौकिक उभा राहिला.

लौकिक वाढला तसा तो वाटलाही गेला. आज 'शेगाव कचोरी' या नावाने विकणारी दुकाने जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेरही कितीतरी आहेत. मूळ निर्मात्याने यावर काय करावे? व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) पाहिला असता त्याची अडचण ध्यानात येते. 'कचोरी' हे पदार्थाचे सामान्य नाव आहे. ते कोणा एकाचे होऊ शकत नाही. 'शेगाव' हे स्थळनाम आहे. मालाचे उगमस्थान दर्शवणाऱ्या शब्दाला कलम ९ अन्वये सामान्यतः नोंदणी मिळत नाही. उरले आडनाव. परंतु कलम ३५ नुसार दुसऱ्या कोणी आपले स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरले तर त्याला रोखता येत नाही. म्हणजे पदार्थ सर्वांचा, गाव सर्वांचे आणि आडनावही अनेकांचे. ज्यावर दुसरा कोणी हक्क सांगू शकत नाही असा चेहराच तेवढा शिल्लक राहतो. मालकाच्या छायाचित्राला हौस म्हणणाऱ्यांनी ही कोंडी पाहिलेली नसते.

याच कायद्यांच्या जोडीला भौगोलिक उपदर्शन अधिनियम, १९९९ आहे. त्याखाली गावाच्या नावाला संरक्षण मिळते, पण अर्ज एकट्या व्यापाऱ्याला करता येत नाही. उत्पादकांचा संघ अथवा त्यांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणारी संस्था लागते. नागपूरचे संत्रे आणि जळगावचे केळे यांची नोंदणी या मार्गाने झाली. व्यापारचिन्ह व्यक्तीला पुढे आणते, तर भौगोलिक उपदर्शनासाठी व्यक्तींना एकत्र यावे लागते. ज्या बाजारपेठेत फलकावर एकेकटे चेहरे वाढत जातात, तेथे एकत्र येण्याची वाट अवघड होते, हेही नोंदवले पाहिजे. उलट पुण्याच्या चितळे बंधूंनी १९५० पासून आडनावाला 'बंधू' जोडून कुटुंबालाच चिन्ह केले आणि १९५९ मध्ये मुंबईत सात स्त्रियांनी सुरू केलेल्या लिज्जत पापडाने संस्थापिकांपैकी कोणाचाही चेहरा न वापरता देशभर विश्वास मिळवला. तेव्हा चेहरा हा अनेक पर्यायांपैकी एक आहे, अपरिहार्यता नव्हे.

चेहऱ्याची परीक्षा किती दिवसांत होते?

अर्थशास्त्रात या प्रश्नाला उपयोगी पडणारे एक वर्गीकरण आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये घेण्यापूर्वी पारखता येणाऱ्या आणि वापरल्यावरच कळणाऱ्या वस्तू असा भेद केला. डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यात तिसरा वर्ग घातला : वापरूनही ज्यांचा दर्जा सामान्य ग्राहकाला सहजी कळत नाही अशा वस्तू. याच सुमारास, १९७० मध्ये, जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात अशी माहिती असली की वाईट माल चांगल्याला हुसकावतो. नाममुद्रा हा त्यावरील एक उतारा होय.

या कसोटीवर जिल्ह्यातील व्यवहार लावून पाहू. कचोरीचा दर्जा पहिल्या घासाला कळतो. तेथे चेहरा खोटा ठरला तर दुसऱ्या दिवशीच गिऱ्हाईक तुटते; म्हणून चेहऱ्याची हमी बळकट असते. खामगाव रजतनगरी म्हणून ओळखले जाते. पण चांदीची शुद्धता डोळ्यांना दिसत नाही. ती बहुधा अडीनडीला दागिना मोडायला नेल्यावर, म्हणजे वर्षांनंतर उघड होते. तेथे सराफाच्या चेहऱ्यापेक्षा वस्तूवरील प्रमाणचिन्ह अधिक बोलते.

बियाण्याची गोष्ट आणखी बिकट आहे. सोयाबीन उगवले की नाही हे आठ-दहा दिवसांत कळते, म्हणजे परीक्षा लवकर होते. परंतु तोवर पेरणीचा खर्च गेलेला असतो, ओल उडालेली असते आणि दुबार पेरणी उभी राहते. कृषी केंद्राचा चालक शेतकऱ्याचा नातलग, गाववाला, पोळ्याला घरी येणारा असतो. दिनदर्शिकेवर त्याचाच फोटो असतो. त्याच्या सचोटीबद्दल शंका नसली तरी बियाणे त्याने पिकवलेले नसते. पिशवीत काय आहे हे त्यालाही खूणचिठ्ठीवरूनच कळते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी लागते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून घरच्या घरी तपासणी करावी, असे कृषी विभाग दर खरिपापूर्वी सांगतो. ते शंभर दाणे जे सांगतात ते दुकानदाराचा हसरा फोटो सांगू शकत नाही.

ठेवीचा प्रश्न :

सर्वांत उशिरा परीक्षा होते ती ठेवीची. चार-पाच वर्षे पैसा दुसऱ्याच्या हाती असतो आणि दरम्यान व्याज वेळेवर मिळत राहते. त्यामुळे अनुभव चांगलाच येतो. येथे चेहरा सर्वांत प्रभावी असतो आणि सर्वांत कमी सांगतो. पुण्याचे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी हे याचे ठळक उदाहरण. 'घराला घरपण देणारी माणसं' या ओळीइतकीच त्यांची स्वतःची कष्टातून वर आल्याची कहाणी व्याख्यानांतून आणि जाहिरातींतून मराठी मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली होती. अनेक निवृत्तांनी ठेवी ठेवल्या त्या ताळेबंद वाचून ठेवल्या असे म्हणणे कठीण आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या तक्रारींवरून त्यांना अटक झाली. दोषादोषाचा निर्णय न्यायालयाचा. समीक्षेला दिसते ते एवढेच की, जाहिरातीतील माणूस आणि ताळेबंदातील आकडे यांत ठेवीदाराने पहिल्याचे वाचन केले.

बुलडाणा जिल्ह्याला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. येथील बुलडाणा अर्बन ही पतसंस्था १९८६ मध्ये स्थापन झाली आणि संस्थापक राधेश्याम चांडक ऊर्फ भाईजी यांच्या नावाशी ती इतकी जोडली गेली की, बोलण्यात संस्था आणि व्यक्ती एकमेकांच्या जागी येतात. संस्थेचा विस्तार आणि तिने मिळवलेला विश्वास यांचे मोल मोठे आहे. परंतु एक तात्त्विक विसंगती लक्षात घ्यावी लागते. सहकारात मालक सभासद असतो. ज्या संस्थेला कायद्याने एक मालक नाही, तिला लोकव्यवहाराने एक चेहरा दिला की सभासद स्वतःला ग्राहक समजू लागतो. वार्षिक सभेत अहवाल वाचण्याची त्याची गरज संपते. ही टीका कोणत्याही एका संस्थेवर नसून पतसंस्थांच्या एकूण संस्कृतीवर आहे. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेव त्या योजनेत येत नाही. ज्या ठिकाणी विमा नाही, नेमके तेथे चेहऱ्यावरची भिस्त सर्वाधिक आहे.

माणूस गेल्यावर उरणारा चेहरा :

चेहऱ्याला आणखी एक मर्यादा आहे. माणूस जातो, चित्र राहते. सियालकोटहून १९४७ मध्ये आलेले आणि मसाल्याच्या पुड्यावर विराजमान झालेले धर्मपाल गुलाटी ३ डिसेंबर २०२० रोजी निधन पावले; परंतु फेटा बांधलेला त्यांचा चेहरा त्यांच्याबरोबर गेला नाही. अमेरिकेत हारलँड सँडर्स यांनी १९६४ मध्ये आपली तळलेल्या कोंबडीची कंपनी विकली. पुढे त्याच कंपनीच्या पदार्थांवर त्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली, तरी पाटीवर तेच हसत राहिले. पहिल्या पिढीत चेहरा म्हणजे 'मी येथे उभा आहे, मला विचारा' असे वचन असते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत विचारायला कोणी उभे नसते आणि वचनाची केवळ मुद्रा उरते. कढईशी कोण उभे आहे, हे ती मुद्रा सांगत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, लहान व्यावसायिकाने स्वतःचा चेहरा पुढे करणे ही बहुतांशी कायद्याच्या आणि बाजाराच्या रचनेतून आलेली गरज आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र चेहऱ्याची हमी मालाच्या परीक्षेला लागणाऱ्या काळानुसार बदलते. परीक्षा लवकर आणि नुकसान थोडे असेल तेथे ती पुरेशी आहे. परीक्षा उशिरा आणि नुकसान न भरून येणारे असेल तेथे खूणचिठ्ठी, प्रमाणचिन्ह आणि लेखापरीक्षण यांना पर्याय नाही. वाणिज्य आणि मराठी या दोन्ही विभागांतील अध्यापकांनी आपल्या गावातील पाट्या, दिनदर्शिका आणि ठेव योजनांची पत्रके संहिता म्हणून वर्गात वाचावयास घेतली, तर कोठे माणसाकडे पाहावे आणि कोठे कागद मागावा, हा विवेक विद्यार्थ्यांत रुजू शकेल. शेतकरी कुटुंबातून येणाऱ्या विद्यार्थ्याला पुढील खरिपापूर्वीच त्याची गरज पडणार आहे.