मखरातले पुस्तक

काही पुस्तके आपण वाचण्यापूर्वीच लोकांनी मखरात बसवलेली असतात. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ अशांपैकीच. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली, १९६० साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ. तेही मराठीला पहिलेच! परवा मी ती पुन्हा वाचली आणि खरे सांगायचे तर खट्टू झालो.

ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांनी आळीपाळीने आपापली कहाणी सांगावी, ही योजना नामी आहे. परंतु विलासी राजा, शुक्राचार्यांची लाडावलेली लेक आणि दासी झालेली राजकन्या, तिघांच्याही मुखी भाषा एकच: उपमांनी नटलेली, सुभाषिताकडे झुकणारी. नावे झाकून एखादा चिंतनाचा परिच्छेद वाचावा; क्रियापदाचे लिंग सोडले, तर कोण बोलते आहे याचा पत्ता लागणे कठीण. खिडक्या तीन, पण अंगण तेच.

दुसरी तक्रार शेवटाविषयी. महाभारतातला ययाति पूरूचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग घेतो, तेव्हा कुठे त्याला वासनेचा अथांगपणा उमगतो. खांडेकरांचा ययाति ते तारुण्य घेताच काही क्षणांत जागा होतो. तोवर त्याने पुष्कळ भोगले आहे, हे मान्य. तरीही ही जाग त्याने मिळवली नसून लेखकाने त्याच्या पदरात टाकली आहे, असे वाटत राहते.

मग कादंबरी टाकाऊ का? छे! शर्मिष्ठेचे दुःख आजही काळजाला भिडते, आणि भोगामागे धावणाऱ्या माणसाविषयीची लेखकाची तळमळ खोटी नाही. दोष आहे तो मखराचा. माझ्या भाचीने कॉलेजात असताना हे पुस्तक अर्ध्यावर ठेवले. “मामा, मला बहुधा साहित्यातले काही कळत नाही,” ती म्हणाली. “एवढ्या मोठ्या पुस्तकाला नावे ठेवू नये,” असे मी तिला दटावले. त्यानंतर तिच्या हातात मराठी कादंबरी मला दिसली नाही. पुस्तकाचा मान राखण्याच्या नादात मी एक वाचक गमावला.

या दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर तिला दुसरी एक कादंबरी पाठवतो आहे. आत चिठ्ठी घातली आहे: ‘नाही आवडली तर खुशाल तसे कळव. का नाही आवडली, तेवढे मात्र लिही.’