हयातीचा दाखला

मराठी वाङ्मयात शिपाई रणांगणावर पडला की लेखकाची लेखणी सरसावते; तोच शिपाई जिवंत घरी परतला की तिची शाई वाळते. पडलेल्या वीरासाठी पोवाडा आहे, समरगीत आहे, शाळकरी निबंध आहे, चौकातला पुतळा आहे. परतलेल्यासाठी आपण दोनच भूमिका राखून ठेवल्या आहेत. एक, मिशा पिळीत बायकोपोरांना कवायतीचे हुकूम सोडणारा विनोदी सुभेदार. दुसरी, सभेत पहिल्या रांगेत बसून गळ्यात हार घालून घेणारा आणि एक शब्दही न बोलता खाली उतरणारा पाहुणा. पहिल्याला आपण हसतो, दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवतो. बोलत मात्र दोघांपैकी एकाशीही नाही.

हा विषय टीकाकाराचा कसा, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, आदर ही मनातल्या मनात राहणारी गोष्ट नव्हे. ती व्यक्त व्हावी लागते. आणि जे जे व्यक्त होते त्याला शैली असते, औचित्य असते, खरे-खोटेपण असते. शिपायाला आपण दगडात, शब्दांत, पडद्यावर आणि रोजच्या वागण्यात कसा आदर दाखवला, हे कवितेइतक्याच कसोशीने वाचता येते. असे वाचन करायला पुणे जिल्ह्यातला शिरूर-दौंडचा मुलूख फार सोयीचा आहे, कारण येथे छावण्या आल्या, पलटणी गेल्या, आणि त्यांच्या खुणा मागे राहिल्या.

पहिली खूण सर्वांत जुनी. या जिल्ह्यात गावोगावी देवळाच्या आवारात, पारावर, कधी शेताच्या बांधावर वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई. मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा. आणि त्याहून वर चंद्र-सूर्य. तीन चौकटींत एक अख्खे आयुष्य सांगणारी ही रचना मोठी रेखीव आहे. पण बहुतेक वीरगळांवर नाव नसते. वीर आहे, माणूस नाही. तो स्वर्गात गेला हे शिल्पकाराने नक्की सांगितले; तो कोणाचा कोण, हे सांगायची त्याला गरज भासली नाही. गावाला तेव्हा ते ठाऊकच असणार. आज गावालाही ठाऊक नाही, आणि दगडाला शेंदूर फासून आपण मोकळे होतो.

दुसरी खूण खास शिरूरची. घोडनदीकाठच्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची मोठी छावणी होती. असईच्या १८०३ च्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली लढलेला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली येथे वारला आणि येथेच पुरला गेला. पुढची हकीकत १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने नोंदवली आहे. आसपासच्या खेड्यांतले लोक या गोऱ्या कर्नलाला ‘सत्पुरुष’ म्हणत, त्याच्या थडग्याची पूजा करीत, आणि सुगी झाली की नव्या धान्याचा पहिला नैवेद्य त्याला दाखवीत.

ही नोंद वाचून कोणी भोळेपणाला हसेल, कोणी गुलामगिरीला नावे ठेवील. मला तीत निराळेच काही दिसते. त्या थडग्यावर काय कोरले आहे ते खेडुताला वाचता येत नव्हते; असईचे त्याला सोयरसुतक नव्हते. त्याने आपल्या घरातली रीत उचलली आणि परक्या शिपायाला लावली. नैवेद्यात भाषण नाही, मिरवणूक नाही. पिकले त्यातले पहिले तुझे, एवढेच त्यात म्हटलेले असते. आदराची इतकी साधी, इतकी घरगुती अभिव्यक्ती मला दुसऱ्या कोणत्याही लष्करी स्मारकापाशी आढळलेली नाही. तिच्यात उणीव आहे ती एकच, आणि ती लहान नाही: हा नैवेद्यही मेलेल्यालाच आहे.

तिसऱ्या खुणेचा रस्ता याच छावणीतून निघतो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीची एक तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ ला, भीमेकाठच्या कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. त्या लढाईचा जयस्तंभ पेरण्याच्या हद्दीत उभा आहे. लढाईच्या अर्थावर पुष्कळ वाद झाले आहेत. त्यांत येथे शिरायचे नाही. मला तो स्तंभ एक मजकूर म्हणून वाचायचा आहे. त्यावर पडलेल्यांची ४९ नावे आहेत, आणि त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययावरून महार शिपायांची म्हणून ओळखली जातात. वीरगळाने जे केले नाही ते या दगडाने केले. साध्या शिपायाला त्याचे स्वतःचे नाव दिले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर या स्तंभापाशी गेले. ज्यांना गाव नावानिशी हाक मारीत नव्हते, त्यांची नावे दगडावर वाचायला मिळणे ही केवढी गोष्ट असेल, याची कल्पना आपणही करू शकतो.

पण दगडावरच्या नावाचे चालत्याबोलत्या जगात काय मोल होते? याचे उत्तर डॉ. आंबेडकरांच्याच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखात आहे. त्यांचे वडील रामजी सुभेदार हे फौजेतून निवृत्त झालेले. १९०१ साली ते खटाव तालुक्यात नोकरीवर होते आणि मुलांना सुटीसाठी त्यांनी बोलावून घेतले होते. साताऱ्याहून निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पत्र वेळेवर न मिळाल्याने न्यायला कोणी आले नव्हते. जात कळल्यावर गाडीवाले गाडी देईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. बरोबर जेवण होते, पण प्यायला पाणी मिळेना. म्हणून मुले उपाशी झोपली.

शिरूरचा नैवेद्य आणि मसूरचे पाणी ही दोन टिपणे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. एकीकडे मेलेल्या परक्या कर्नलाला सुगीचा पहिला घास. दुसरीकडे जिवंत देशी सुभेदाराच्या मुलांना पाण्याचा घोट नाही. दोन्हींमध्ये अंतर सोळा वर्षांचे. शिपायाविषयीचा आपला आदर खरा की खोटा, हे स्मारकाच्या उंचीवरून ठरत नाही. त्याच्या पोरांना रस्त्यात कोणी पाणी दिले का, यावरून ठरते. त्या लेखात लष्कराविषयी फारसे काही नाही. तरीही निवृत्त शिपायाच्या घराची मानहानी इतक्या शांत स्वरात सांगणारे दुसरे लेखन मला माहीत नाही.

आता आजच्या बोलीकडे वळू. आमच्या भागात फौजेतून परतलेल्या कोणालाही ‘मेजर’ म्हणतात. शिपाई असो, नाईक असो, हवालदार असो, गावात आला की तो मेजर. या शब्दात माया आहे, हे मी नाकारीत नाही. चावडीवर ‘या मेजर, बसा’ म्हणून कोणी सरकून जागा देतो, त्यात औपचारिक सत्कारापेक्षा अधिक ऊब असते. पण हा शब्द आळशीही आहे. एकदा मेजर म्हटले की त्याचा हुद्दा विचारायला नको, पलटण विचारायला नको, तो सियाचेनला होता की स्वयंपाकघरात होता हेही विचारायला नको. वीरगळाने वीराचे नाव गाळले. आपण बढती देऊन तेच करतो.

२०२४ साली आलेला ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याचे नायक मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. चित्रपटात संगीत मोठे आहे, प्रेक्षकांचा जल्लोष मोठा आहे, आणि नायकाची प्रत्येक उडी आपल्याला टाळीसाठी तयार करते. मला त्यातली चौकट अधिक आवडली. म्हातारा पेटकर पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन येतो आणि ठाण्यातली माणसे त्याची कहाणी ऐकू लागतात. एका माजी सैनिकाला बसवून त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेणे, एवढीच ती कृती. दिग्दर्शकाने तिच्यावर आणखी विश्वास टाकायला हवा होता.

अशी ऐकून घेणारी माणसे पडद्याबाहेरही आहेत. दौंड जंक्शनात अहिल्यानगरच्या रणगाडा केंद्राकडे जाणारे-येणारे जवान पिढ्यान्‌पिढ्या गाड्या बदलत आले आहेत. त्याच गावात गेल्या नोव्हेंबरात एका सेवा केंद्रात मी माझ्या कामासाठी रांगेत उभा होतो. पुढे एक वृद्ध गृहस्थ हयातीचा दाखला काढायला आले होते. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावे लागते. यंत्रावर बोट टेकवले की काम झाले. पण नांगर आणि बंदूक दोन्ही धरलेल्या त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्र पुन्हा पुन्हा नकार देत होते. मागची रांग चुळबुळू लागली. यंत्रावरच्या पोराने ओला रुमाल आणून त्यांचे एकेक बोट पुसले, दहाही बोटे लावून पाहिली, शेवटी चेहरा दाखवून काम केले. मधल्या वेळात तो विचारीत होता, “आबा, तुमची पलटण कुठली?” आबांनी मराठा लाइट इन्फंट्रीतल्या आपल्या बटालियनचा आकडा सांगितला, बेळगावचे प्रशिक्षण सांगितले, एका खडूस उस्तादाचे नाव सांगितले. रांगेची चुळबूळ थांबली होती. दाखला यंत्राने नंतर दिला; त्या पोराने तो आधीच दिला होता.

सरकारी आदराला मी कमी लेखत नाही. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो, मुले डबे घेऊन निधी गोळा करतात. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने माजी सैनिकांना मालमत्ता-कराच्या माफीची योजना आणली. हे हवेच. पण करमाफी पलटण विचारीत नाही. ते काम शेजाऱ्याचेच राहते, आणि यापुढे ते वाढणार आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत भरती झालेले बहुतेक तरुण चार वर्षांनी, निवृत्तिवेतनाविना, पंचविशीच्या आसपास घरी परततील. पुढे ठेवले जातील ते चौथा हिस्सा. या माजी सैनिकाला ना पांढऱ्या मिशा असतील, ना काठी. विनोदी सुभेदाराची आणि हार घालून बसणाऱ्या पाहुण्याची, आपल्या दोन्ही भूमिका त्याला बसणार नाहीत. त्याच्यासाठी लेखकांना नवे पात्र शोधावे लागेल, आणि गावाला नवी हाक.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा घरोघर चकल्या तळून झालेल्या असतील आणि फराळाची ताटे शेजारीपाजारी निघाली असतील. त्यांतले एक ताट आपल्या आळीतल्या माजी सैनिकाच्या किंवा एखाद्या वीरपत्नीच्या घरी जाईलच. ते द्यायला मुलांना पाठवा, पण एकटे नको, आपणही जा. दारातून परतू नका. बसा, पाणी मागून घ्या, आणि त्यांना त्यांच्या खऱ्या हुद्द्याने हाक मारून पलटणीचे नाव विचारा.