हरवलेलं शहर कुणाचं?

एका दोस्ताने विज्ञानकथेचं बाड दिलं. गिरणीतल्या रात्रपाळीत वाचून काढलं. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या जंगलात गडप झालेलं शहर, शोधणारा पुण्याचा शास्त्रज्ञ. माडिया वाटाड्या ओझं वाहतो आन् तिसऱ्या पानावर मरतो. त्याला नावच नाही. शहर बांधलं कुणी? तर म्हणे परग्रहावरच्यांनी!

दोस्ता, ही खोड जुनी आहे. आफ्रिकेतली ग्रेट झिम्बाब्वेची दगडी नगरी शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधली, हे गोरे सत्ताधारी कबूलच करत नव्हते. १९८० साली देश स्वतंत्र झाला, त्याने नगरीचंच नाव घेतलं.

सूरजागडात हरवलंय काय? ठाकुरदेवाचा डोंगर माडियांना पाठ आहे, जानेवारीत तिथं जत्रा भरते. त्याच डोंगरावर २०१६ साली लोहखनिजाची खाण सुरू झाली.

कथा फाडू नकोस, उलटी फिरव. तीनशे वर्षांनी एखादी माडिया पोरगी यंत्र घेऊन शोधायला येऊ दे. तिला शहर नाही, खड्डा सापडू दे. तिला विचारू दे, इथला डोंगर कुणी नेला?

आन् वाटाड्याला नाव दे. आपल्या बापजाद्यांनाही दुसऱ्यांच्या गोष्टीत नाव नव्हतं.