सटवाईचं अक्षर

मराठीतली सर्वांत लिहिती लेखिका कोण, असं कुणी विचारलं, तर मी बेधडक सांगेन : सटवाई! मूल जन्मलं की पाचव्या-सहाव्या रात्री येते आणि कपाळावर लिहून जाते. शुद्धिपत्र नाही, दुसरी आवृत्ती नाही. अक्षर असं की डॉक्टरांनीही लाजावं. मानधन म्हणाल, तर भांडणात आपण तिचंच नाव शिवी म्हणून वापरतो.

तिकडे उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणात हेच खातं तिघी सांभाळतात. उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द. झालेलं, होत असलेलं आणि व्हायचं. त्या लाकडावर कोरतात, शिवाय विश्ववृक्षाला विहिरीचं पाणी घालतात. आमची बिचारी एकटीच. त्यामुळे तिच्या लेखनात घाई दिसते.

आमच्या खर्ड्याचंच बघा ना. सवाई माधवरावांना तिनं ४० दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रं दिली. १७९५ च्या मार्चमध्ये इथंच, खर्ड्याला, निजामाचा पराभव करवला. शिंदे, होळकर, भोसले सगळे एकत्र! आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शनिवारवाड्यात वरून पडून नायकाचा मृत्यू. वय २१. अशी कथा कुठल्याही संपादकानं साभार परत केली असती.

पण माझी खरी तक्रार घरगुती आहे. अक्का सातवीत पहिली आली, तेव्हा अण्णा म्हणाले, "पुढचं शिक्षण तिच्या सटवीनं लिहिलेलंच नाही." माझी फी मात्र लिहिलेली निघाली! मी तर गणितात दोनदा नापास. तरी सटवाईचा लेख तो. आम्ही तो निमूट वाचला.

परवा अक्काच्या नातीची पाचवी झाली. पाटा-वरवंटा पुजला, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. टीकाकाराच्या उत्साहानं मी पहाटेच उठून कागद पाहिला. कोराच!

"अक्का, बाईंनी काहीच लिहिलं नाही गं."

अक्कानं कागद उजेडात धरला, उलटापालटा केला. मग हळूच म्हणाली,

"म्हणजे माझाही कोराच असणार रे. अक्षर अण्णांचं होतं."

इतकी वर्षं मी टीका करत होतो, ती चुकीच्या लेखिकेवर. कागदाची घडी घालून अक्कानं ती नातीच्या उशाखाली सरकवली. पेन मात्र स्वतःजवळ ठेवून घेतलं.