कर्ण्यातून आलेला स्वर : जुन्या ऑपेरा-ध्वनिमुद्रणांच्या मूल्यमापनाचा प्रश्न

ऑपेरा-गायनाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांविषयी लिहिताना समीक्षक बहुधा दोन स्वतंत्र शेरे देतात. एक ध्वनीविषयी, दुसरा गायनाविषयी. ‘ध्वनी निकृष्ट, परंतु गायन अलौकिक’ हा त्यांतील सर्वांत रूढ शेरा होय. परीक्षेच्या गुणपत्रिकेत दोन विषयांचे गुण वेगवेगळे मांडावेत तशी ही मांडणी दिसते आणि तिच्यात एक गृहीतक दडलेले असते : ध्वनीचा दोष हा काचेवरील धुळीसारखा असून ती धूळ मनाने पुसली की मागचा गायक जसाच्या तसा दिसतो. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासावयाचे आहे. खरखर हा जुन्या तबकडीचा सर्वांत ठळक दोष असला तरी तो सर्वांत निरुपद्रवी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अर्ध्या तासाच्या सवयीने कान ती बाजूला सारतो. फसवतात ते न ऐकू येणारे दोष.

१९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होण्यापूर्वी गायक एका कर्ण्यासमोर उभा राहून गात असे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला असलेला पडदा आवाजाने कंप पावे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर चर कोरी. मायक्रोफोन नाही, विजेचे वर्धन नाही. गायकाच्या श्वासाची शक्ती हीच काय ती शक्ती. या यंत्रणेला साधारणपणे २०० ते २५०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी बऱ्यापैकी पकडता येत. ‘स’, ‘फ’ यांसारखी ऊष्म व्यंजने त्याहून वरच्या पट्ट्यात असल्याने ती जवळजवळ नाहीशी होत. शिवाय कर्ण्याचा स्वतःचा अनुनाद असे, त्यामुळे काही स्वर विनाकारण फुगून बाहेर येत. तार स्वरावर गायकाने मागे सरकावयाचे, नाजूक जागी कर्ण्यात जवळजवळ तोंड घालावयाचे, हा तर शिरस्ताच होता. अशा तबकडीवरून गायकाच्या आवाजाच्या लहानमोठेपणाविषयी मत देणे म्हणजे छायाचित्रावरून माणसाचे वजन सांगण्यासारखे आहे.

याच यंत्राने फ्रेड गेसबर्ग याने १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलान येथे एनरिको कारूसोच्या दहा तबकड्या मुद्रित केल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गौहरजानचे गायन मुद्रित केले. त्यामुळे पुढील विवेचन आपल्याकडील जुन्या तबकड्यांच्या श्रोत्यांना सर्वस्वी परके वाटू नये.

कारूसोच्या या तबकड्यांनी ग्रामोफोनला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच काळातील स्त्री-गायिकांच्या तबकड्या मात्र आजच्या श्रोत्याला पातळ, बासरीसारख्या आणि काहीशा निर्जीव वाटतात. यावरून ‘त्या पिढीत पुरुष श्रेष्ठ, स्त्रिया सामान्य’ असा निष्कर्ष काढणारे रसिक आजही भेटतात. येथे थोडे अंकगणित उपयोगी पडते. टेनर गायकाचा वरचा ‘सी’ सुमारे ५२३ हर्ट्झचा. त्याचे स्वयंभू स्वर १०४६, १५६९, २०९३ असे चढत जातात, म्हणजे मूळ स्वरासह चार घटक कर्ण्याच्या पट्ट्यात बसतात. सोप्रानोचा वरचा ‘सी’ १०४७ हर्ट्झचा. त्याचा पहिला स्वयंभू स्वर २०९३ आणि दुसरा ३१४० हर्ट्झचा, म्हणजे तो पट्ट्याबाहेर. दोनच घटक उरले की आवाजाचा पोत उरत नाही, शुद्ध शिटीसारखा नाद उरतो. प्रशिक्षित पुरुषी आवाजाची झळाळी सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास असते आणि तीही कर्ण्याने गमावलीच. परंतु कारूसोकडे खालच्या पट्ट्यात इतका ऐवज होता की उरलेल्या भांडवलावरही त्याचा व्यवहार चालला. गायिकांकडे तेवढी शिल्लक नव्हती. पुरुष-स्त्री गायकांतील या कथित तफावतीचा बराचसा भाग असा यंत्राने घडवलेला आहे.

दुसरा अदृश्य दोष गतीचा. या तबकड्यांना आपण सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ म्हणतो. प्रत्यक्षात प्रारंभीच्या काळात मिनिटाला सत्तरच्या खालपासून ऐंशीच्या वरपर्यंत फेऱ्यांनी मुद्रण होत असे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजवली तर गाणे जवळजवळ एका अर्धस्वराने चढते. स्वरलिपी हाती घेऊन पट्टी जुळवावी, असा उपाय सुचेल. तोही निर्णायक नाही, कारण गायक आरिया उतरवून गात असत. व्हर्दीच्या ‘इल त्रोव्हातोरे’मधील ‘दी क्वेल्ला पिरा’ ही आरिया अनेक टेनर अर्धस्वर खाली उतरवून गातात. अशी उतरवलेली तबकडी जलद फिरवली की ती मूळ पट्टीशी तंतोतंत जुळते आणि कधीही न गायिलेला ‘सी’ गायकाच्या नावावर जमा होतो! गती वाढली की व्हिब्राटो घाईचा होतो, स्वरवर्ण पातळ होतात, तारुण्यही येते.

या संदर्भात एक अनुभव नमूद करावासा वाटतो. महाविद्यालयातील काही सहकाऱ्यांसमोर प्रस्तुत लेखकाने आदेलिना पात्ती हिची एकच तबकडी दोन वेगवेगळ्या पुनर्मुद्रणांतून, काही न सांगता, लागोपाठ वाजवली. पहिली गायिका वयस्क, जड आवाजाची आणि करुण वाटली. दुसरी तरुण, चटपटीत, पण भावनाशून्य. दोघींत श्रेष्ठ कोण यावर रंगलेला वाद थांबवणे पुढे अवघड झाले. वाद घालणारी मंडळी गाण्यातील जाणकार होती, हे मुद्दाम सांगावयास हवे.

पात्तीचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. तिचा जन्म १८४३ चा. १८६१ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये बेल्लिनीच्या ‘ला सोन्नाम्बुला’तील अमिनाच्या भूमिकेने तिची तेथील कीर्ती सुरू झाली. ध्वनिमुद्रणासाठी मात्र ती कर्ण्यासमोर उभी राहिली ती १९०५ च्या डिसेंबरमध्ये, वेल्समधील क्रेग-ई-नोस या आपल्या वाड्यात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. पुढच्या वर्षी तिने अमिनाचीच ‘आ, नॉन क्रेदेआ मिरार्ती’ ही विलंबित आरिया मुद्रित केली. तीत दम अपुरा पडतो, जेथे वाक्य अखंड हवे तेथे श्वासासाठी तोडावे लागते. आवाजाच्या गुणवत्तेविषयी तर वर सांगितलेल्या कारणांमुळे बोलण्यात फारसा अर्थ नाही. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ती जी सरक घेते, इटालियन परंपरेतील ‘पोर्तामेंतो’, जिचे आपल्या मींडेशी नाते लावता येईल, ती कर्ण्याने बिघडवलेली नाही, बिघडवणे शक्यही नव्हते. तिचा ट्रिल आजही रेखीव आहे. लयीशी ती मोकळेपणाने खेळते : एखादा स्वर रेंगाळवते, पुढच्या दोन स्वरांत तो वेळ भरून काढते. आजच्या संगीतशाळेत हे सगळे ‘स्वैर’ म्हणून खोडले जाईल. पण बेल्लिनीच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी जन्मलेल्या आणि त्याची भूमिका ऐन विशीच्या आत गाजवणाऱ्या गायिकेची ही साक्ष आहे. तिला स्वैर ठरवण्यापूर्वी आपणच शिस्तीच्या नावाखाली काय गमावले, हे तपासणे भाग आहे. ध्वनी, दम आणि वय या तिन्ही कसोट्यांवर उणी ठरणारी ही तबकडी प्रस्तुत लेखकाच्या मते त्या दशकातील सर्वांत मोलाच्या मुद्रणांपैकी एक आहे.

तीच गोष्ट व्हिक्तोर मोरेलची. व्हर्दीच्या ‘फाल्स्ताफ’मधील शीर्षक-भूमिका १८९३ साली त्याने प्रथम साकारली. त्यातील ‘क्वांद एरो पाज्यो’ हे जेमतेम अर्ध्या मिनिटाचे गीत त्याने १९०७ साली मुद्रित केले तेव्हा आवाज सुकलेला होता. तबकडी भरावी म्हणून तो ते तीनदा गातो, दोनदा इटालियनमध्ये आणि तिसऱ्यांदा फ्रेंचमध्ये, मध्ये भोवतालच्या मंडळींची दादही ऐकू येते. शब्दांची फेक इतकी हलकी आणि खट्याळ आहे की स्थूलदेही फाल्स्ताफ क्षणभर सडपातळ पोर होतो. केवळ ‘आवाज’ शोधणाऱ्याला या तबकडीत काहीही सापडणार नाही.

मग जुना ध्वनी स्वच्छ करून घ्यावा काय? प्रयत्न पुष्कळ झाले. कारूसो १९२१ साली निवर्तला. १९३२ साली त्याच्या तबकड्यांवर नवा, विद्युत पद्धतीने मुद्रित केलेला वाद्यवृंद चढवण्यात आला. मृत गायकाला ज्यांच्याशी त्याचा कधी संवाद झाला नाही अशा वादकांच्या साथीने गाववण्याचा हा प्रकार आज हास्यास्पद वाटतो. त्याहून कितीतरी गंभीर प्रयत्न थॉमस स्टॉकहॅम याने १९७० च्या दशकात संगणकाच्या साहाय्याने केला. कर्ण्याचा अनुनाद वजा करणे हा त्याचा हेतू. परंतु मूळ कर्णा उपलब्ध नसल्याने त्याचा अंदाज बांधण्यासाठी अलीकडच्या एका टेनरने गायिलेल्या त्याच आरियाचे मुद्रण प्रमाण म्हणून घेण्यात आले. तंत्रदृष्ट्या ही युक्ती कल्पक आहे, यात संशय नाही. समीक्षकाला मात्र येथे थबकावे लागते : नंतरच्या गायकाच्या नादाकडे झुकवून दुरुस्त केलेला कारूसो ऐकून ‘कारूसो आधुनिक वाटतो’ असे म्हणणे हा चक्राकार युक्तिवाद होय. वॉर्ड मार्स्टनसारखे पुनर्मुद्रणकार गती आणि पट्टी यांवर परिश्रम घेतात आणि खरखर बेतानेच कमी करतात. तो मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, जरी प्रथम श्रवणी तो कमी सुखावह असला तरी.

विद्युत मुद्रण आणि नंतरची चुंबकीय फीत आल्यावर हा प्रश्न मिटला, असे समजण्याचे कारण नाही. १९५२ साली फुर्टव्हेंग्लरच्या संचालनाखाली मुद्रित झालेला ‘ट्रिस्टान उंट इझोल्डं’ ध्वनिदृष्ट्या त्या काळचा आदर्श मानला जातो. त्यात इझोल्डंची भूमिका गाणाऱ्या किर्स्टन फ्लॅगस्टाडचे दोन वरचे ‘सी’ प्रत्यक्षात एलिझाबेथ श्वार्त्सकोफ हिने गायिले आहेत. उलट मारिया कॅलासची १९५८ मधील लिस्बन येथील ‘ला त्राव्हियाता’ घ्या. रंगमंचावरील हे मुद्रण धूसर आहे, शब्द पुरवणाऱ्याची कुजबुज गायकांच्या आधी ऐकू येते. तरीही त्या रात्रीचे सर्व स्वर तिचेच आहेत, उंचावर डळमळणारेसुद्धा. यांपैकी कोणत्या मुद्रणाला ‘चांगला ध्वनी’ म्हणावयाचे, हे श्रोत्याने ध्वनीकडून काय मागितले यावर अवलंबून आहे.

व्यवहारात एवढे तरी करता येईल की जुन्या मुद्रणावर अभिप्राय देणाऱ्याने आपण कोणते पुनर्मुद्रण ऐकले आणि ते कोणत्या पट्टीत होते, हे लिहावे. आपल्याकडील संगीतविषयक नियतकालिकांत ही नोंद क्वचितच आढळते. आणि काही ठिकाणी मत राखूनच ठेवावे लागेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन याने १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगांतून मेणाच्या नळकांड्यांवर काही तुकडे टिपले. आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ मानला गेलेला टेनर जाँ द रेस्के १९०१ च्या ‘लाफ्रिकेन’मध्ये गाताना त्यांत सापडतो. वादळात दूरवरून कोणी हाक मारावी तसा एक स्वर येतो, एका वाक्यापुरता स्पष्ट होतो आणि पुन्हा बुडतो. त्या एका वाक्यात स्वर कसा तोलून धरला आहे, हे सांगता येते. तो आवाज सुंदर होता की नव्हता, हे त्या नळकांड्यावरून सांगता येत नाही.