जात : एका घटकापुरती

आपल्या पदवी महाविद्यालयांत समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात जात हा एक घटक असतो. व्याख्या, वैशिष्ट्ये, बदलते स्वरूप एवढे झाले की प्राध्यापक पुढच्या घटकाकडे वळतात. अर्थशास्त्राच्या तासाला जात सहसा नसते, वाणिज्याच्या तासाला नसते आणि संख्याशास्त्राच्या तासाला तर तिचा उच्चार म्हणजे विषयांतर.

मी वाणिज्य शाखेला शिकवतो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालेले नव्हते. जमाखर्चाचे पुस्तक पहिल्यांदा हाती आले तेव्हा मला ते फार निर्मळ वाटले होते. एक बाजू नावे, दुसरी जमा, दोन्हींची बेरीज सारखी. इथे कुणी जात विचारत नाही याचाच आनंद होता. तो शिकवायला लागल्यावर टिकला नाही. भागीदारीच्या हिशोबात गुडविलचे मूल्यांकन येते. मागील काही वर्षांचा सरासरी नफा काढायचा, ठरावीक वर्षांनी गुणायचा. गुडविल कशाने वाढते? जागा, मालाचा दर्जा, मालकाचा लौकिक. एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, आमच्या काकांनी स्टँडसमोर चहाचं हॉटेल टाकलं. माल चांगला होता. आडनाव कळेपर्यंत गर्दी होती. हे गुडविल कुठल्या खात्यात लिहायचं?" वर्ग हसला. मी हसलो नाही, पण उत्तरही दिले नाही. घटक संपवायचा होता.

उद्योजकतेच्या प्रकरणाचेही तेच. शुंपीटरचे नाव घेऊन उद्योजक म्हणजे नवे काही घडवणारा असे सांगितले जाते. पण गाळा कुणाला भाड्याने मिळतो, घाऊक व्यापारी कुणाला उधारीवर माल देतो, बँकेत जामीन कोण राहतो, याबद्दल प्रकरण मौन पाळते.

आता अर्थशास्त्राकडे येऊ. तिथे बाबासाहेब आहेत! 'भारतीय आर्थिक विचारवंत' या प्रकरणात रानडे, नवरोजी, गांधी यांच्या रांगेत त्यांना बसवलेले असते. ग्रंथांची नावे आणि चार मुद्दे. मान दिल्याचे समाधान प्रस्थापितांना मिळते आणि, खोटे कशाला बोलू, आपल्यालाही मिळते. पण बाबासाहेबांची विचार करण्याची रीत त्या चार मुद्द्यांत येत नाही. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तेव्हा तुकडे जोडा, हे त्या काळचे पंडिती निदान होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. अवजारे, बैल, भांडवल, श्रम यांच्याशी जमिनीचे प्रमाण काय, यावर ते ठरते. साधनेच तुटपुंजी असतील तर शेत वाढवून काय होणार? जमिनीवर बसलेले रिकामे हात खातात, पण उत्पादनात भर घालू शकत नाहीत. म्हणून शेतीवरचा उपाय शेताबाहेर, उद्योगीकरणात आहे. अतिरिक्त श्रमाचा आर्थर लुईस यांचा प्रसिद्ध लेख १९५४ सालचा. आमचे विद्यार्थी लुईस पाठ करतात. छत्तीस वर्षे आधीचा हा निबंध त्यांच्या हाती कुणी देत नाही.

तो निबंध जातीवरचा नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. बाबासाहेब जातीवर बोलले तरच ते आपले, असे मानणे म्हणजे त्यांना त्या एका घटकात आपणही कोंडणे होय. उलट १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलना'त त्यांनी जात आणि बेकारी यांचा संबंध दाखवला. धंदा बुडाला तरी दुसरा धरू न देणारी व्यवस्था बेकारी निर्माण करते. हे सरळ अर्थशास्त्र आहे. तरीही हंगामी, प्रच्छन्न, संरचनात्मक असे बेकारीचे प्रकार मोजताना हा प्रकार कुणाला आठवत नाही. तो ग्रंथ समाजशास्त्राच्या कपाटात असतो.

संख्याशास्त्रात वर्गीकरणाचा नियम शिकवतात : प्रत्येक बाब एका आणि एकाच वर्गात बसली पाहिजे, काही सुटता कामा नये. मग 'इतर' हा रकाना येतो. दशवार्षिक जनगणनेत सर्व जातींची तपशीलवार आकडेवारी १९३१ नंतर प्रसिद्ध झाली नाही. स्वातंत्र्यानंतर तिथे अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या आणि उरलेला समाज बिनजातीचा ठरला. जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने केला तो २०२५ साली. इतकी दशके आमची गरिबी तक्त्यात आली, पण जमिनी, गाळे, कारखाने ज्यांच्याकडे आहेत त्यांची जात 'इतर'मध्ये विरघळली. संख्याशास्त्राच्या शिक्षकाने हा रकाना फळ्यावर काढून 'यात कोण कोण आहे?' एवढे विचारले, तर विषयांतर कसे होईल?

यंदा गुडविलचे प्रकरण संपल्यावर मी त्या मुलाचा प्रश्न फळ्यावर लिहिला. परीक्षेत तो येणार नाही हे मुलांना ठाऊक होते. तरी अकरा जणांनी वहीत उत्तरे आणली. एकाचे गणित चुकले होते. सरासरी काढताना त्याने तोट्याची वर्षे सोडून दिली होती.