नातवंडांची शाळा

विद्या वडिलांकडून धाकट्यांकडे वाहत यावी, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. नातवानें आजोबांचा हात धरून त्यांस धडा गिरवावयास लावणें हा परवांपरवांपर्यंत केवळ थट्टेचा विषय होता. परंतु संगणक व इंटरनेट यांनीं हा ओघ उलटा फिरविला आहे. या उलट्या ओघाचें दर्शन घडविणारा ‘सायबर-सीनिअर्स’ हा कॅनडांतील माहितीपट २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर साधनें पुष्कळ बदललीं. तथापि त्यांत निघालेला प्रश्न मात्र अद्याप ताजा आहे, म्हणून त्याचा परामर्श येथें घेत आहों.

चित्रपटाचें मूळ एका घरगुती अनुभवांत आहे. इंटरनेट येऊं लागल्यानें आपल्या आजी-आजोबांच्या आयुष्यांत पडलेला फरक पाहून टोरोंटो येथील मॅकॉली व कॅशा कॅसडे या दोघी विद्यार्थिनी भगिनींनीं २००९ सालीं एक उपक्रम आरंभिला. शाळकरी मुलामुलींनीं वृद्धनिवासांत जावें आणि तेथील रहिवाशांस ई-मेल, फेसबुक, स्काईप इत्यादि गोष्टी शेजारीं बसून शिकवाव्या, असें त्याचें स्वरूप होतें. त्यांची वडील बहीण सॅफ्रन कॅसडे हिनें या उपक्रमावर हा चित्रपट रचला.

शिक्षक कोवळे आणि शिष्य पिकलेले, या विरोधांतून हास्य उत्पन्न होणें स्वाभाविकच आहे, आणि चित्रपटानें त्याचा भरपूर उपयोग केला आहे. पण या हास्याच्या तळाशीं शिक्षणशास्त्रांतलें एक मर्म आहे. जी गोष्ट आपणांस नकळत साधली, ती दुसऱ्यास समजावून सांगणें सर्वांत कठीण. माउस हलतो मेजावर आडवा आणि बाण सरकतो पडद्यावर उभा. यांत कांहीं शिकण्यासारखें आहे, हें तरुणाच्या ध्यानींमनींही नसतें. वृद्धाची नजर मात्र हाताकडून पडद्याकडे व पडद्याकडून हाताकडे धांवत असते. तेथें शिक्षकास स्वतःच्या सहजतेचे तुकडे करून एकेक तुकडा पुढें ठेवावा लागतो. अशा वेळीं शिकतो तो केवळ म्हातारा नव्हे; धीर धरणें हा धडा पोरासही मिळतो.

कथेला वळण लागतें तें शूरा या ८९ वर्षांच्या आजीबाईंमुळें. त्या स्वयंपाकाची एक चित्रफीत करून यूट्यूबवर ठेवण्याचें मनावर घेतात. तें पाहून इतरांसही चेव येतो आणि सर्वांत चढाओढ लागते. आमच्या मतें चित्रपटाचा उत्तम भाग हाच. तोंवर मुलें सांगत होतीं आणि वृद्ध ऐकत होते. आतां सांगावयाचें तें वृद्धांपाशीं आहे, मुलांनीं केवळ साधन हातीं दिलें आहे. शिष्याला स्वतःचें म्हणून कांहीं बोलावयाचें आहे, असें ज्या क्षणीं दिसतें, त्या क्षणीं तो पूर्वीचा शिष्य राहत नाहीं.

दोष आहे तोही येथेंच. स्पर्धा म्हटली कीं मोजमाप आलें, आणि येथें तें प्रेक्षकसंख्येचें आहे. एका माणसाच्या दीर्घ आयुष्याचें मोल अनोळखी लोकांच्या नजरांनीं ठरावें, ही तरुणांची सवय वृद्धांच्या गळ्यांत अलगद पडते, आणि चित्रपट तिला हरकत घेत नाहीं. टाळ्यांच्या गजरांत ‘शिकलें कोण, आणि किती?’ हा साधा प्रश्न मागें पडतो.

आपल्याकडे हा प्रश्न मागें पडूं देणें परवडणारें नाहीं. टोरोंटोच्या त्या आजी हौसेनें शिकल्या; आपल्या आजींस गरज शिकवीत आहे. निवृत्तिवेतन घेणारांकरितां हयातीचा डिजिटल दाखला देण्याची ‘जीवन प्रमाण’ योजना नोव्हेंबर २०१४ मध्यें, म्हणजे चित्रपटाच्याच वर्षीं, सुरू झाली. बँक, वीजबिल, रेल्वेचें तिकीट, सर्वच फोनच्या पडद्यावर आलें आहे. अशा वेळीं घरोघरीं काय घडतें? ‘द्या इकडे, मी करून देतो,’ असें म्हणून नातू फोन घेतो आणि अर्ध्या मिनिटांत काम उरकतो. त्यांत प्रेम असतें, पण शिक्षण नसतें. उलट, फोन दुसऱ्याच्या हातीं देण्याची आणि ओटीपीचा आंकडा विचारील त्यास सांगण्याची संवय मात्र जडते. उद्यां तोच आंकडा एखादा भामटा गोड आवाजांत विचारतो, तेव्हां आजोबांस त्यांत वावगें कांहीं वाटत नाहीं. ‘करून देणें’ आणि ‘करूं देणें’ यांत एका अक्षराहून फारसा फरक दिसत नसला, तरी एक परावलंबनाकडे नेतें आणि दुसरें स्वातंत्र्याकडे.

या कसोटीस लावून पाहिल्यास, अनेक उणिवा असूनही ‘सायबर-सीनिअर्स’ कुटुंबानें एकत्र बसून पाहण्यासारखा चित्रपट आहे. त्यांतील स्पर्धा विसरली तरी चालेल. तरुण शिक्षकाचें शेजारीं बसणें मात्र विसरूं नये. आपल्या लहानपणीं ज्यांनीं आपलें बोट धरून पाटीवर श्रीकार काढविला, त्यांनीं खडू स्वतःकडे ओढून घेतला असता, तर आपणांस आज अक्षर आलें नसतें.